मंडळी : लक्ष्मीबाई टिळकांच्या दोन घरांची गोष्ट



मराठीच्या पुस्तकात आपण रेव्हरंड टिळकांच्या कविता शिकवतो. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची कविता तर आपल्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांनाही पाठ असायची. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचं आयुष्य मुलांपर्यंत फारसं पोचत नाही. कवीच्या परिचयात त्यांच्यासाठी एखादी ओळ असते, तेवढीच. आजचा पाठ त्यांच्यावर आहे.

आपल्या सोनई परिसरातल्या मुलांना हा पाठ अगदी जवळचा वाटावा. लक्ष्मीबाईंच्या आयुष्याला वळण देणारी वर्षं गेली ती अहमदनगर आणि राहुरी इथे. सोनईहून राहुरी किती लांब हे मुलांना सांगायची गरजच नाही. आणखी एक गोष्ट. आपल्या नेवासा तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, शेजारी शिंगणापूरला शनिदेवाचं ठाणं आहे आणि वडाळ्याला मिशनचं जुनं केंद्रही आहे. त्यामुळे आपल्या वर्गात एकाच बाकावर वारकरी घरातलं मूल असतं आणि नाताळची तयारी करणारं मूलही असतं. दोघांची आडनावं पुष्कळदा एकच असतात, कधी कधी भावकीही एकच निघते. मग एखादं चुणचुणीत पोरगं विचारतंच, की सर, आमचे चुलते वेगळ्या देवळात का जातात? त्या प्रश्नाला उत्तर देताना लक्ष्मीबाईंची गोष्ट फार उपयोगी पडते.

एक शब्द, दोन अर्थ

पाठाची सुरुवात एका शब्दाने करावी. फळ्यावर 'मंडळी' असा शब्द लिहा आणि मुलांना अर्थ विचारा. घरची मंडळी म्हणजे नातलग. जुनी माणसं बायकोलाही 'आमची मंडळी' म्हणत. आणि ख्रिस्ती घरातलं मूल सांगेल, की मंडळी म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमणारी माणसं. मराठी बायबलमध्येही त्या समुदायाला हाच शब्द आहे. म्हणजे आपल्या भाषेने रक्ताच्या नात्यांना आणि श्रद्धेच्या नात्यांना एकच नाव दिलं आहे. लक्ष्मीबाईंना मात्र या दोन मंडळींपैकी एक निवडायची वेळ आली होती. ती कशी, ते पाहू.

जलालपूरची मनू

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर गावी झाला. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं होतं. त्या धक्क्याने मनूच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केलं ते कायमचं. कोणाची सावली पडली, कोणाचा हात लागला, की ती वस्तू विटाळली. बाजारातून आणलेलं सामानसुमान धुतल्याशिवाय घरात यायचं नाही. पोरांना मनासारखं खेळायची चोरी होती. धाक सगळ्यात जास्त बायकांना होता.

हे मुलांना सांगायचं ते हसण्यासाठी नाही. शिवाशिवीच्या अशा कडक घरात वाढलेली मुलगी पुढे कुठवर पोचली, हे कळायला सुरुवात ठाऊक असावी लागते, एवढ्यासाठी सांगायचं.

१८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, मनूचं लग्न नारायण वामन टिळक या तरुणाशी झालं आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लहानपणीच वारलेली, वडील फार कडक. टिळक हुशार होते, संस्कृत उत्तम, कविता हातच्या मळासारख्या करत. पण स्वभाव? एका जागी पाय ठरत नसे. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. राग आला की घर सोडून निघून जायचे. हातात पैसा आला की जो मागेल त्याला देऊन मोकळे. घरात उद्याच्या जेवणाचं काय, याची काळजी लक्ष्मीबाईंनी करायची. याच टिळकांनी बायकोला अक्षरओळख मात्र करून दिली. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंना लिहिता येऊ लागलं ते नवऱ्यामुळे.

संसारात सुखापेक्षा दुःखच जास्त वाट्याला आलं. मुलं झाली आणि गेलीही. १८९१ साली झालेला दत्तू, म्हणजे देवदत्त, मात्र जगला.

आगगाडीतली भेट आणि १८९५ चा फेब्रुवारी

टिळक त्या काळात नागपूर आणि पुढे राजनांदगाव या भागात नोकरी करत होते. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला कोणता धर्म तारेल, याचा विचार त्यांच्या डोक्यात सतत चालायचा. १८९३ मध्ये आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी त्यांना भेटले. गप्पा झाल्या, आणि निघताना वॉर्डसाहेबांनी त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळक ते पुस्तक वाचत गेले, आणि दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत भायखळ्याच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या, माहेरच्या माणसांत होत्या. नवरा बाटला, ही बातमी त्यांच्यावर विजेसारखी कोसळली. आजच्या मुलांना याचं गांभीर्य समजावून द्यावं लागतं. त्या काळी ब्राह्मण घरातल्या माणसाने धर्म बदलला, की तो घराला मेल्यासारखाच. त्याच्या पंक्तीला बसायचं नाही, त्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही. लक्ष्मीबाईंचं वय सव्वीस, कडेवर चार वर्षांचा मुलगा. नवरा जिवंत आहे, पत्रं लिहितो आहे, आपल्याकडे ये म्हणतो आहे. पण तिकडे गेलं तर आई-वडिलांचं घर तुटणार, आणि न गेलं तर नवरा तुटणार. त्यांनी अंथरूण धरलं, अन्न तुटलं, देहाची शुद्ध राहिली नाही अशी अवस्था झाली.

सांभाळून घेणारे नातलग

इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. अशा गोष्टींत आपण नातलगांना खलनायक करून टाकतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तसं नव्हतं. त्यांची थोरली बहीण भिकूताई आणि तिच्या घरची पेंडसे मंडळी यांनी त्यांना पाखरासारखं जपलं. त्यांना नाशिकला ठेवलं, मन रमावं म्हणून पंढरपूरला नेलं. दत्तूला कशाची उणीव पडू दिली नाही. लोक नाना तऱ्हेचं बोलत असताना हे घर त्यांच्या पाठीशी उभं राहिलं.

त्याच दुःखात लक्ष्मीबाईंच्या हातून पहिली कविता उतरली. नवरा कवी, पण बायकोची कविता जन्माला आली ती नवऱ्याच्या वियोगात. पुढे त्या म्हणजे नुसत्या कवीची बायको उरल्या नाहीत, त्याची सुरुवात ही अशी झाली.

चार-पाच वर्षं असं चाललं. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही, बायकोचा नाद सोडला नाही, आणि मुख्य म्हणजे धर्मासाठी जबरदस्ती केली नाही. शेवटी लक्ष्मीबाईंनी ठरवलं, की आपण नवऱ्याजवळ राहायचं. पण आपला धर्म आपल्यापाशी, आपली चूल वेगळी, आपलं पाणी वेगळं. टिळकांनी हे मान्य केलं. आणि त्यांना परत संसाराला लागायला मदत केली ती नातलगांनीच. एवढा विरोध असलेल्या माणसांनी तिचा हात धरून तिला त्या नवऱ्याकडे पाठवावं, ही साधी गोष्ट नाही.

नगर, राहुरी आणि एका रात्रीचा विचार

टिळक तेव्हा अमेरिकन मराठी मिशनचं काम करत होते. हे मिशन अहमदनगरला १८३१ पासून होतं. 'ज्ञानोदय' हे त्यांचं नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झालं. शाळा, दवाखाने, पाळक तयार करणारं विद्यालय असा सगळा पसारा होता. डॉ. रॉबर्ट ह्यूम हे तिथलं मोठं नाव. टिळक त्या विद्यालयात शिकवत. शिवाय १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळला होता. आई-बाप गमावलेली, भुकेने कासावीस झालेली पोरं मिशनच्या आश्रयाला येत होती.

अशा ठिकाणी लक्ष्मीबाई आपलं सोवळं घेऊन आल्या. आजूबाजूला सगळी ख्रिस्ती वस्ती, आणि तीही बहुतेक त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेली. ज्यांची सावली वडिलांनी अंगावर पडू दिली नसती, ती माणसं आता शेजारी होती. लक्ष्मीबाई स्वतःचं पाणी स्वतः भरत, स्वयंपाक वेगळा करत. एकाच घरात नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली. शेजाऱ्यांनी याचा राग धरला का? नाही. कोणी त्यांच्या मागे लागलं नाही, कोणी टाकून बोललं नाही. आजारपणात तीच माणसं धावून यायची. हे लक्ष्मीबाई रोज पाहत होत्या.

मग महाबळेश्वरच्या मुक्कामात त्यांच्या मनाने उचल खाल्ली. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जनावरांत दिसते तशी माणसांच्या अंगावर काही खूण नसती का ठेवली? बाई आणि पुरुष हा भेद दिसतो, मग जातीचा का दिसत नाही? असा विचार करता करता त्यांना वाटलं, की हे सगळं माणसाचंच कर्तृत्व. आणि एकदा पटलं म्हटल्यावर त्या थांबल्या नाहीत. यापुढे कोणाच्याही हातचं खायचं, कोणाच्याही हातचं प्यायचं, असं ठरवून टाकलं. ध्यानात घ्या, ख्रिस्ती होण्याचा निर्णय यानंतरचा आहे. आधी जात गेली, मग धर्म बदलला. १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या श्रद्धेविषयीही इथेच सांगायला हवं. ते ख्रिस्ती झाले, पण संतांना सोडलं नाही. तुकोबांच्या वाटेने आपण येशूपाशी पोचलो, असंच ते मानत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. टाळ आणि वीणा चर्चमध्ये आणली. लक्ष्मीबाईंनीही पुढे कीर्तनं केली. आजही आपल्याकडच्या उपासनेत टिळकांची भजनं गायली जातात. शेजारच्या वारकरी घरातल्या माणसाला ती चाल ओळखीची वाटते, ती यामुळेच.

घर कोणाचं?

ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंच्या घराचा दरवाजा कधी बंद राहिला नाही. टिळक कोणालाही घरी घेऊन यायचे. विद्यार्थी, निराधार पोरं, वाट चुकलेले, नुसतेच जेवायला आलेले. पैशाची ओढाताण कायम, पण पान वाढलं जायचं. प्लेगच्या काळात माणसं आपल्या माणसांना टाकून पळत होती, तेव्हा लक्ष्मीबाई परक्यांची पोरं सांभाळत होत्या.

या घरात आलेल्यांपैकी एक नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथे या कोवळ्या पोराची कविता ऐकून सगळे थक्क झाले. टिळकांनी त्याला जवळ केलं. पुढे बालकवी नगरला टिळकांच्या घरी राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांना कोणी व्हायलाही सांगितलं नाही. लक्ष्मीबाईंनी मात्र त्यांना पोटच्या पोरासारखं वागवलं. त्यांचे रुसवे काढले, खोड्या सहन केल्या. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले तेव्हा या घरातलाच मुलगा गेला.

आता मंडळी या शब्दाकडे पुन्हा बघा. या घरात रक्ताचे होते, चर्चचे होते, आणि दोन्हींत न बसणारेही होते. सगळ्यांना चूल एकच होती. जिने एकेकाळी नवऱ्याच्या घरातही आपली चूल वेगळी मांडली होती, तिचीच ही चूल.

आणि माहेर? माहेर तुटलं नाही. सुरुवातीची कडवट वर्षं सरली. भिकूताईंचा जिव्हाळा शेवटपर्यंत राहिला, जाणं-येणं राहिलं. कोणी कोणाचा धर्म मान्य केला असं नाही, पण माणूस मान्य केलं.

एकटेपणा आणि लेखणी

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. नवऱ्याने मागे पैसा ठेवला नव्हताच. त्यांनी मुलींच्या वसतिगृहात काम केलं, पुढे देवदत्तांच्या नोकरीमुळे कराचीलाही राहिल्या.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. ते सुरुवातीच्या प्रकरणांपुढे गेलं नाही. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि पुढची ६४ प्रकरणं लिहिली. शाळेत न गेलेल्या बाईने! पण त्यांचं नाव झालं ते 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. त्या बोलत तशाच लिहीत. पुस्तकी शब्द नाहीत, रडगाणं नाही. स्वतःच्या फजितीवर आधी स्वतः हसायच्या. नवऱ्याचा राग, सोवळ्याचा जाच, उपासमार, सगळं लिहिलं, पण कोणावर सूड म्हणून नाही. आज मराठीतल्या सर्वांत चांगल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. जिथून निघाल्या होत्या त्या जलालपूरपासून हे ठिकाण काही कोसांवर. चौथा भाग अपुरा राहिला होता. तो देवदत्तांनी पुरा केला.

वर्गात हा पाठ घेताना

हा पाठ कोणत्या धर्माचा चांगुलपणा सांगण्यासाठी नाही, हे आपण शिक्षकांनी आधी मनाशी पक्कं करावं. ज्या मुलाच्या घरात देव्हारा आहे आणि ज्याच्या घरात क्रूस आहे, दोघांनाही आपली माणसं या गोष्टीत सापडली पाहिजेत. देव्हाऱ्याच्या घरातल्या मुलाला भिकूताई सापडतील. क्रुसाच्या घरातल्या मुलाला राहुरीचे ते शेजारी सापडतील. लक्ष्मीबाईंना जगवलं दोघांनी मिळून. एक जरी नसतं, तरी ही बाई उभी राहिली नसती.

पालकांनाही एक विनंती. लग्न, धर्म, भांडण, वाटणी अशा कारणांनी आपल्याही घरात कोणीतरी तुटलेलं असतं. मुलं ते बघत असतात. त्या माणसाचं नाव घरात कसं घेतलं जातं, यावरून मुलं नातं म्हणजे काय ते शिकतात.

मुलांसाठी काही प्रश्न आणि उपक्रम :

१. 'मंडळी' या शब्दाचे तुमच्या घरात कोणते अर्थ वापरले जातात? आजी-आजोबांना विचारून लिहा.

२. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं घर आणि लक्ष्मीबाईंचं स्वतःचं घर यांत तुम्हाला कोणता फरक दिसतो?

३. लक्ष्मीबाईंनी धर्म बदलण्याआधी जात सोडली. या क्रमाला महत्त्व का आहे, असं तुम्हाला वाटतं?

४. रक्ताचं नातं नसताना तुमच्या घरातला झालेला एखादा माणूस आठवा. त्याच्याविषयी दहा ओळी लिहा.

५. नकाशात जलालपूर, नाशिक, पंढरपूर, महाबळेश्वर, राहुरी, अहमदनगर (अहिल्यानगर) आणि कराची ही ठिकाणं शोधा. लक्ष्मीबाईंचा प्रवास रंगीत रेघेने दाखवा.

आठवी-नववीच्या वर्गात 'स्मृतिचित्रे'मधली दोन-तीन पानं मोठ्याने वाचून दाखवा. वर्ग आधी हसेल, मग गप्प होईल. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक नसेल तर मागवून घ्या, आणि आधी आपण वाचा.